गोवा शहराचा इतिहास चांदोरपासून सांगितला जावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पणजी शहराच्या वाढीविषयी आलेला लेख आवडीने वाचला. लेखकाने परिश्रमपूर्वक माहिती जमवली आहे आणि फोंताइन्यश, मळा या वाड्यांविषयी त्यांनी फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. तथापि लेखाचा आरंभ व्हाइसरॉय जुन्या गोव्याकडून पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात राहावयास आला त्या १७५९ सालापासून होतो, त्याआधीची पार्श्वभूमी म्हणून जुन्या गोव्यातील चर्चेस आणि महामारी यांचा उल्लेख येतो आणि तेथेच भूतकाळ संपतो. हा दोष एकट्या त्या लेखाचा नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि सहलीच्या बसमध्ये वाटाड्यांच्या तोंडीही राजधानीची गोष्ट जवळजवळ नेहमी याच ठिकाणी सुरू होते. इतिहासाचा शिक्षक म्हणून नोकरीची सगळी वर्षे ज्या विषयात घालवली, त्याबद्दल हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. परंतु विषय थोडक्यात आटोपण्यासारखा नाही.

माझे म्हणणे असे आहे की, जुने गोवे हा या शहराचा आरंभ नव्हे, तो त्याचा तिसरा मुक्काम होय. गोव्याची राजधानी आधी कुशावतीच्या काठी चांदोरला होती, तेथून ती जुवारीच्या उत्तर काठावर गोवापुरीला आली, तेथून मांडवीच्या काठी एळा (म्हणजे आजचे जुने गोवे) येथे गेली, मध्यंतरी मुरगावला नेण्याचा घाट घातला गेला तो फसला, आणि शेवटी मांडवीच्याच काठाने मुखाकडे सरकत ती पणजीत आली. प्रत्येक वेळी कारण निराळे होते. पण नदी आणि तिच्यावरचे बंदर यांचा संबंध त्यात या ना त्या रूपाने आलाच. आणि प्रत्येक वेळी सत्ता, व्यापार, सैन्य, कचेऱ्या उठून गेल्या, तरी त्या जागेचा मूळ गाव मात्र तेथेच राहिला. या मागे राहिलेल्या गावांचा इतिहास आपण राजधानीच्या इतिहासात धरतच नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

सासष्टीतील चांदोर हे आज मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या भव्य वाड्यासाठी ओळखले जाते. पर्यटक तो वाडा पाहतात आणि परत फिरतात. तेथून जवळच कोट नावाने ओळखला जाणारा भाग आहे. प्राचीन चंद्रपूर ते हेच. भोज घराण्यातील राजा देवराज याचा शिरोडा येथे सापडलेला ताम्रपट चंद्रपुराहून दिलेला आहे, आणि अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक तो इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे रोमन साम्राज्य अद्याप उभे होते त्या काळी आपल्या कुशावतीच्या काठी राजशासने लिहिली जात होती. पुढे अकराव्या शतकाच्या आरंभी कदंबांनी चंद्रपूर घेतले आणि काही काळ तेथूनच राज्य केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेन्री हेरास यांनी १९२९ साली येथे उत्खनन केले, तेव्हा विटांच्या मंदिराचा पाया उघडा पडला. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानेही तेथे काम केले. त्या जागी उघड्यावर बसलेला पाषाणाचा नंदी मी अनेकदा पाहिला आहे. त्याचे मस्तक तुटलेले आहे, पण गळ्यातल्या अलंकाराची कोरीव माळ आणि पाठीचा भरीव उतार पाहिला की, ज्या देवळासमोर हा नंदी होता ते देऊळ केवढे असेल याचा अंदाज करता येतो. विद्यार्थ्यांना मी त्या पायाच्या विटा मोजपट्टीने मोजायला लावत असे, कारण आजच्या विटेपेक्षा ती वीट किती मोठी आहे हे हाताने मोजल्यावाचून पटत नाही.

याच चांदोरमध्ये इंत्रुजाच्या (कार्निव्हलच्या) दिवसांत मुसळां खेळ होतो. हातात मुसळे घेऊन, जमिनीवर ती ठेक्यात आपटत, घरोघरी जाऊन हा नाच केला जातो आणि तो नाचणारे गावकर कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. त्यांच्या गाण्यात हरिहराचे नाव येते आणि जुन्या विजयाची आठवण त्यात गुंफलेली आहे. ज्या कोटाचे बुरूज कधीच पडले, ज्या देवळाचा पाया जमिनीखाली गेला आणि ज्या राजांचा वंश बुडाला, त्यांच्या विजयाचा नाच धर्म बदलल्यावरही गावाने टाकला नाही. राजधानी चांदोरहून उठून गेली त्याला साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. या काळात तेथे काहीच घडले नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा हा खेळ पाहावा.

चंद्रपूर सोडण्याचे कारण मुख्यतः व्यापाराचे होते. समुद्रापासून बरेच आत, अरुंद नदीच्या काठी असलेली जागा संरक्षणाला चांगली असली, तरी अरबस्तान, गुजरात, मलबार यांच्याशी वाढलेल्या दर्यावर्दी व्यापाराला ती पुरेशी नव्हती. कदंब राजा पहिला जयकेशी याने अकराव्या शतकाच्या मध्यावर राजधानी जुवारीच्या रुंद मुखाजवळ, गोपकपट्टण म्हणजेच गोवापुरी येथे हलवली. आजच्या तिसवाडी तालुक्यातील गोवा वेल्हा आणि आगशी या गावांचा हा परिसर. जुवारीचे जुने नाव अघनाशिनी. कुशावतीचे पाणीही शेवटी याच नदीला मिळते. तेव्हा राजधानी पाण्याच्या वाटेने उगमाकडून मुखाकडे आली असे म्हणण्यास हरकत नाही.

या बंदराचा थाट कदंबांच्या ताम्रपटांतून दिसतो. राजा गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला असता जहाजाची डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदरात मदुमद नावाच्या एका संपन्न मुसलमान व्यापाऱ्याने त्याला साह्य केले, अशी हकिकत त्यांत आहे. या व्यापाऱ्याच्याच घराण्यातील छडम याला पुढे जयकेशीने मोठे अधिकारपद दिले. आणि १०५९ च्या ताम्रपटात, बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवून त्यातून मशिदीचा खर्च चालवावा अशी व्यवस्था नोंदलेली आहे. शैव राजा, त्याचा अरब वंशाचा अधिकारी आणि बंदराच्या उत्पन्नातून चालणारी मशीद, हे चित्र अकराव्या शतकातल्या गोव्याचे आहे. आपल्या मुलांना ते कोणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

बंदरापासून शहराकडे जाणारी राजवीथी म्हणजे जांभ्या दगडांचा राजमार्ग, तिचे तुकडे या भागात अजून ओळखू येतात. नदीच्या काठाला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या बांधकामाचे अवशेष आहेत आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. ओहोटीच्या वेळी आगशीच्या बाजूने काठाकाठाने चालत गेल्यास चिखलात रुतलेले घडीव चिरे दिसतात; त्यांच्या कडांना शिंपल्या चिकटलेल्या असतात आणि मधूनमधून खापरांचे तुकडे पायाखाली येतात. वरच्या बाजूला पिळारची टेकडी आहे. कपुचिन मठवाशांनी १६१३ साली मठ बांधला ती जागा गोवेश्वराच्या प्राचीन देवस्थानाची, आणि त्या परिसरात मिळालेल्या कदंबकालीन वस्तू पिळारच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. या संग्रहालयाबद्दल तेथील धर्मगुरूंचे जितके आभार मानावेत तितके थोडे आहेत.

गोवापुरीचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि कदंबांची सत्ता कोसळली. संकटाच्या त्या काळात राजघराणे पुन्हा चंद्रपूरच्या आश्रयाला गेले होते आणि तेथेही विध्वंस झाला. १३४० च्या दशकात होनावरच्या सुलतानाने गोव्यावर स्वारी केली, तिच्यात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता स्वतः सामील होता. त्याने गोव्याला सिंदाबूर म्हटले आहे आणि छत्तीस गावांच्या या बेटाच्या मध्यावर दोन शहरे आहेत, एक हिंदूंनी बांधलेले जुने आणि दुसरे मुसलमानांनी बेट प्रथम जिंकल्यावर बांधलेले, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर शहर सरकत असतानाचा काळ त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पुढे बहामनी आले, त्यांच्याकडून विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा घेतला, पुन्हा १४७२ मध्ये महमूद गावानने तो बहामनी राज्याला जोडला. या शंभर-सव्वाशे वर्षांत जुवारीचा उत्तर काठ गाळाने भरत गेला आणि मोठ्या जहाजांना तेथे लागणे कठीण झाले. व्यापारी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, मांडवीवर, एळा येथे जाऊ लागले. विजापूरच्या आदिलशहाच्या अमलात तेथे राजवाडा झाला, घोड्यांचा व्यापार भरभराटीला आला. आफोंसो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी जे शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले, ते हे एळा. पोर्तुगीज येण्याआधीच ते तटबंदीचे, गजबजलेले बंदर होते. आजही सेंट काजेतानच्या चर्चजवळ आदिलशाही राजवाड्याच्या दाराची कमान उभी आहे, आणि तिच्या दगडांवरची नक्षी पाहणाऱ्याला पोर्तुगीजांच्या आधीच्या कारागिराचा हात सहज ओळखता येतो.

पोर्तुगीज राजवटीतील एळा नगरीच्या वैभवाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ते येथे उगाळत नाही. से कॅथेड्रल, बॉम जेझू बासिलिका, सेंट आगुस्तीनचा मनोरा यांचे वर्णन प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि १९८६ पासून या वास्तू जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. माझा मुद्दा राजधानीने ही जागा का सोडली याच्याशी निगडित आहे. शहर वाढले ते सखल, दलदलीच्या जमिनीवर. जांभा दगड सच्छिद्र असल्याने घराघरांतली घाण झिरपून विहिरींत उतरत असे. पिण्यासाठी बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी घागरी भरभरून आणून विकले जाई, पण ज्यांना ते परवडत नव्हते त्यांनी विहिरीचेच पाणी पिणे चालू ठेवले. सोळाव्या शतकात १५४३ साली पटकीची मोठी साथ आली, त्यानंतर साथी येत राहिल्या, आणि सतराव्या शतकात डचांनी बंदराची नाकेबंदी करून व्यापार आवळला तेव्हा रोगट शहरात राहण्याचे प्रयोजनही उरले नाही. ज्यांना शक्य होते ते पणेली, रायबंदर, पणजी या बाजूला सरकले. १६३०च्या दशकात व्हाइसरॉय लिन्हारिसच्या काउंटने पणजी ते रायबंदर असा, मिठागरांतून आणि खाजणातून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतून) जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांध घातला. त्यावरून आजही आपल्या गाड्या धावतात. शहर सरकण्याची वाट या बांधाने आधीच आखून ठेवली, असे मला वाटते.

यानंतरचे प्रकरण मराठी वाचकांना अधिक जवळचे आहे, तरी त्याचा राजधानीच्या स्थलांतराशी असलेला संबंध क्वचितच सांगितला जातो. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शहराच्या अगदी समोर असलेल्या जुवे बेटावरचा किल्ला रात्रीत घेतला. व्हाइसरॉय काउंट आल्वोर स्वतः लढायला गेला आणि पराभूत होऊन परतला. मराठे खाडी उतरून शहरात शिरणार या भीतीने त्याने बॉम जेझूमध्ये जाऊन फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड त्यांच्या देहापाशी ठेवून शहर त्यांच्या हवाली केले. शहाआलमच्या नेतृत्वाखालील मुघल फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना माघारी फिरावे लागले आणि शहर वाचले. पण इतके मोठे, विस्कळीत आणि माणसांअभावी ओस पडलेले शहर राखता येणार नाही, हा धडा व्हाइसरॉयला मिळाला होता. लगोलग राजधानी मुरगावच्या किल्ल्याच्या आश्रयाला, जुवारीच्या मुखावर नेण्याचा निर्णय झाला. तेथे बांधकामे सुरू झाली, एळातील इमारती पाडून त्यांचे सामान मुरगावला नेण्याचे हुकूम सुटले. लोकांनी मात्र तेथे जाण्यास उत्साह दाखवला नाही, पैसा अपुरा पडत गेला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तो बेत सोडून द्यावा लागला. आपल्या राजधानीचा एक मुक्काम केवळ कागदावर आणि अर्धवट भिंतींत राहिला तो असा, आणि त्यामागचे तातडीचे कारण मराठ्यांची ती मोहीम होती.

पुढे १६९५ मध्ये व्हाइसरॉयने पणेलीत वास्तव्य हलवले, १७५९ मध्ये तो पणजीला आला. लिस्बनमध्ये मार्केश द पोंबाल सत्तेवर असताना १७७०च्या दशकात एळा पुन्हा वसवण्याचा मोठा प्रयत्न झाला; मजूर कामाला लावले गेले, त्यांतले बरेच तापाने मेले आणि प्रयत्न थांबला. १८३५ मध्ये मठवासी संघ बंद केल्यावर मठांच्या ओस इमारती कोसळू लागल्या. सेंट आगुस्तीनच्या चर्चचे छत १८४२ साली पडले, आणि त्याच्या मनोऱ्याचा दर्शनी भाग १९३१ साली. पडलेल्या इमारतींचे चिरे होड्यांत भरून पणजीला नेले गेले आणि नव्या शहराच्या भिंतींत बसवले गेले. पणजी तोवर ताळगावचा एक वाडा होता, माडांच्या बागा आणि दलदल यांच्यामध्ये वसलेला. व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रू याच्या कारकिर्दीत, १८२७ ते १८३५ या काळात, ती दलदल बुजवून रस्ते आणि सरकारी इमारती उभ्या राहिल्या आणि १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला.

या सगळ्या हलवाहलवीत देवांचे स्थलांतरही विसरता येत नाही. कदंबांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावर होते. ते देवस्थान १५४० मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर भक्तांनी लिंग डिचोलीतील नार्वे येथे नेले आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. जुवारीच्या पलीकडच्या काठावरील कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून देव नेणारी माणसे कोण होती याची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. राज्यकर्त्यांनी राजधानी हलवली तेव्हा मात्र प्रत्येक हुकमाचा कागद झाला आणि त्यातले बरेचसे कागद आजही अभिलेखागारात आहेत.

येथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. राजधानी हलली तरी गावकरी संस्था, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी मूळ रहिवाशांची संघटना, हलली नाही. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने तिसवाडीच्या गावांचे हक्क आणि रूढी यांची लेखी नोंद करून घेतली, तेव्हाही हे हक्क त्याच्या राजाने दिलेले नव्हते, फार जुन्या काळापासून चालत आलेले होते, हे त्या दस्तऐवजातून स्पष्ट होते. बांध कोणी घालायचे, मानस (बांधातली पाण्याची झडप) कोणी उघडायची, खाजणातल्या पिकाचा वाटा कसा करायचा, याचे नियम कदंब, बहामनी, विजयनगर, आदिलशाही आणि पोर्तुगीज अशा पाच राजवटींत मोठा फरक न पडता चालू राहिले. नदीचे खारे पाणी अडवणारे हे बांध नसते तर एकही राजधानी या काठांवर जगली नसती, कारण तिला लागणारे भात याच खाजणांत पिकत होते. गोवा वेल्हा येथे दर वर्षी लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) काळात संतांची मिरवणूक निघते, तिला हजारो भाविक येतात. त्यांतले किती जण जाणतात की, आपण चाललो आहोत त्या वाटा कदंबांच्या राजधानीच्या आहेत? आगशीची चोरिसां (मसालेदार सॉसेज) घ्यायला थांबणाऱ्या माणसालाही हे कोणी सांगत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जुवारीवरचा नवा पूल खुला झाला आणि आगशी ते कुठ्ठाळी हे अंतर काही मिनिटांचे झाले. ज्या बंदरासाठी राजा चांदोर सोडून आला त्याच्या शेजारून रोज हजारो गाड्या जातात, आणि महामार्गावरच्या प्रवाशाला गाडीतून पाहता यावा असा एकही ठळक फलक मला तरी तेथे दिसला नाही. राज्याच्या बसगाड्यांना आपण कदंबांचे नाव दिले आहे. ते नाव ज्या गावांतून आले त्या गावांकडे जाणाऱ्या बसमध्ये तरी त्यांची ओळख असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

स्थलांतर संपलेले आहे असेही कोणी समजू नये. विधानसभा २००० साली मांडवीपलीकडे पर्वरीच्या पठारावर गेली, सचिवालय तेथेच आहे, आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची नवी इमारतही पर्वरीत उभी राहिली. कागदोपत्री राजधानी पणजीच आहे. पावसाळ्यात सांतिनेजची खाडी तुंबते, भरतीच्या वेळी रस्त्यांवर पाणी येते आणि ज्या दलदलीवर शहर उभे केले तिची आठवण दर वर्षी होते. कचेऱ्या पठारावर नेण्याला माझा विरोध नाही, त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु एळा सोडताना राज्यकर्त्यांनी मागे राहणाऱ्या गरीब वस्तीच्या पाण्याची आणि मलनिस्सारणाची चिंता केली नाही, कारण त्यांना स्वतःला तेथे राहायचे नव्हते. पणजीच्या बाबतीत तसे घडू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार येथील नागरिकाला नक्कीच आहे. ज्यांच्या कचेऱ्या पलीकडे गेल्या त्यांचे लक्षही पलीकडे गेले, असे मळा आणि सांतिनेज येथील रहिवाशांना वाटू लागले तर तो दोष त्यांचा नसेल.

शासनाकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे माझी नम्र विनंती आहे की चांदोर, गोवा वेल्हा-आगशी, जुने गोवे आणि पणजी ही ठिकाणे स्वतंत्र प्रेक्षणीय स्थळे न मानता एकाच शहराचे क्रमाने आलेले मुक्काम म्हणून मांडावीत. प्रत्येक ठिकाणी राजधानी कोठून आली, का आली आणि पुढे कोठे गेली हे मराठी, कोंकणी आणि इंग्रजीतून सांगणारा फलक असावा. राजवीथीचे उरलेले तुकडे आणि आगशीच्या काठावरचे अवशेष यांची सर्व्हे क्रमांकानिशी मोजणी करून ती नोंद पंचायतींकडे द्यावी, म्हणजे रस्ता रुंद करताना, कुंपण घालताना किंवा घरबांधणीचा परवाना देताना पंचायतीला आपण काय झाकत आहोत हे कळेल. शाळांच्या सहली दर वर्षी जुन्या गोव्याला जातातच; त्याच दिवशी दुपारी मुलांना गोवा वेल्ह्याला नेणे सहज शक्य आहे, कारण अंतर थोडके आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी २०२४ च्या अखेरीस देशोदेशीचे भाविक जुन्या गोव्यात आले होते. पुढचे प्रदर्शन दहा वर्षांनी येईल. तोवर हा चार ठिकाणांचा मार्ग तयार करण्यास भरपूर वेळ आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. पणजीवरचा लेख आपण छापलात, तसेच या विषयावर एक लेखमाला सुरू करावी आणि तिच्यात अभ्यासकांबरोबर त्या त्या गावच्या लोकांना लिहिते करावे. मुसळां खेळात नाचणारे चांदोरचे गावकर, जुवारीत तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) काढणाऱ्या आगशीच्या बायका, एळाच्या पडक्या भिंतींच्या आसऱ्याने घरे बांधून राहिलेली कुटुंबे आणि ताळगावच्या कोमुनिदादीचे (गावकरी संस्थेचे) जुने जाणते यांच्याकडे जी माहिती आहे ती कोणत्याही ताम्रपटात नाही. त्यांतली वयस्कर माणसे आता फार थोडी उरली आहेत, म्हणून हे काम याच वर्षी हाती घेतले जावे. माझ्याकडील टिपणे, विद्यार्थ्यांनी काढलेले आराखडे आणि छायाचित्रे मी यासाठी विनामूल्य देण्यास तयार आहे. आपल्या कार्यालयातून निरोप आल्यास ती आणून पोहोचवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
तिसवाडी, गोवा